दीनबंधू अँड्र्यूज : नाते मानण्याची किंमत

सर्व माणसे एकाच पित्याची लेकरे आहेत, ही शिकवण ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांतून शतकानुशतके दिली जात आली आहे. ती ऐकून बाहेर पडणाऱ्या माणसांनीच गुलामांचा व्यापार केला, वसाहती वसविल्या आणि काळ्यांसाठी व गोऱ्यांसाठी वेगवेगळी बाके मांडली, हेही तितकेच खरे आहे. हा दोष एका धर्माचा मानण्याचे कारण नाही. सारी पृथ्वी हेच कुटुंब असे म्हणणाऱ्या आपल्या समाजानेही गावकुसाबाहेर माणसे ठेवलीच. कुटुंब हा शब्द उच्चारावयास सोपा आणि निभावण्यास महाग असतो. घरातल्या माणसाने केलेले कर्ज आपल्याला फेडावे लागते, त्याच्या अपराधाची लाज आपल्याला वाटावी लागते. आणि तो चुकत असेल तर परका जे बोलणार नाही ते आपल्यालाच बोलावे लागते. चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज या इंग्रज धर्मोपदेशकाने मानवजातीचे नाते याच व्यवहारी अर्थाने मानले. त्यांच्या आयुष्याकडे आज पाहताना त्यांचा साधेपणा आणि दयाळूपणा प्रथम डोळ्यांत भरतो. परंतु त्यांचे वेगळेपण त्याहून कठीण अशा या गोष्टीत आहे.

अँड्र्यूज यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल अपॉन टाइन येथे झाला. बालपण बर्मिंगहॅममध्ये गेले. भावंडे चौदा. वडील एका लहानशा, काहीशा एकांतिक ख्रिस्ती पंथाचे धर्माधिकारी होते आणि राजकारणात ब्रिटिश साम्राज्याचे निस्सीम अभिमानी होते. या घरात घडलेला एक प्रसंग अँड्र्यूज यांनी पुढे साठीच्या उंबरठ्यावर लिहिलेल्या आत्मकथनात नोंदविला आहे. आईच्या वडिलार्जित संपत्तीची व्यवस्था ज्या मित्राकडे विश्वासाने सोपविली होती, त्याने ती सट्ट्यात घालविली. कुटुंब एकाएकी गरिबीत आले. त्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी वडिलांनी त्या मित्राविषयी अवाक्षर वाईट न काढता त्याच्यासाठीच प्रार्थना केली. लहानग्या चार्ल्सच्या मनावर याचा जो ठसा उमटला तो धर्मशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाने पुसला गेला नाही. वडिलांचा साम्राज्याभिमान मुलाने पुढे पूर्णपणे टाकून दिला. ती प्रार्थना मात्र टाकली नाही.

केंब्रिजच्या पेम्ब्रोक महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी वडिलांचा पंथ सोडून इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये प्रवेश केला. वडिलांना याचे फार दुःख झाले. केंब्रिजमध्ये त्यांना बॅसिल वेस्टकॉट हा जिवलग मित्र लाभला आणि त्याच्यामुळे डरहॅमचे बिशप वेस्टकॉट यांचे सान्निध्य लाभले. खाणकामगारांचा १८९२ सालचा मोठा संप मिटविण्यासाठी मध्यस्थी करणारे हे वृद्ध विद्वान, योहानाच्या शुभवर्तमानाचा खरा अर्थ एक दिवस हिंदुस्थानच जगाला उलगडून दाखवील, असे मानीत असत. त्यांचा मुलगा बॅसिल धर्मकार्यासाठी हिंदुस्थानात आला आणि १९०० साली पटकीने मरण पावला. मित्राची रिकामी झालेली जागा भरून काढावी, या भावनेने अँड्र्यूज इकडे येण्यास सिद्ध झाले. तत्पूर्वी दक्षिण लंडनमधील वॉलवर्थ या दरिद्री वस्तीत त्यांनी काही वर्षे काम केले होते. भूक, दारू आणि अनिश्चित मजुरी यांची ओळख त्यांना हिंदुस्थानात नव्हे, इंग्लंडच्या राजधानीतच झाली होती.

मार्च १९०४ मध्ये ते दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात शिक्षक म्हणून दाखल झाले. त्या महाविद्यालयात सुशीलकुमार रुद्र नावाचे बंगाली ख्रिस्ती प्राध्यापक होते. १९०६ साली प्राचार्यपद रिकामे झाले तेव्हा ते अर्थातच इंग्रज माणसाकडे जाणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. हिंदी प्राचार्याच्या हाती शिस्त राहणार नाही, अशी शंका वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनी बोलून दाखविली. रुद्र यांचा अनुभव आणि योग्यता डावलून केवळ कातडीच्या रंगावर ही नेमणूक होणार असेल तर आपण येथे राहणार नाही, असे अँड्र्यूज यांनी ठामपणे कळविले. रुद्र प्राचार्य झाले, आणि त्यांच्या हाताखाली अँड्र्यूज आनंदाने शिकवू लागले. नोकरीत असलेल्या कोणाही माणसाला या घटनेचे मोल सहज कळेल. अन्यायाविरुद्ध व्याख्यान देणे वेगळे आणि स्वतःकडे चालून येऊ शकणारी खुर्ची दुसऱ्याला देऊन त्याचा हुकूम मानणे वेगळे. याच रुद्रांच्या घरी पुढे गांधी दिल्लीस आले की उतरत असत, आणि खिलाफतीच्या मागणीसंबंधी व्हाइसरॉयला धाडावयाच्या खुल्या पत्राचा मसुदा त्याच छपराखाली तयार झाला.

दिल्लीत अँड्र्यूज यांची मैत्री सर्व दिशांनी पसरत गेली. वृद्ध मुसलमान विद्वान मौलवी झकाउल्ला यांना ते वडिलांच्या ठिकाणी मानीत. त्यांचे चरित्रही त्यांनी पुढे लिहिले. आर्यसमाजाचे महात्मा मुन्शीराम, म्हणजेच नंतरचे स्वामी श्रद्धानंद, यांच्या कांगडी येथील गुरुकुलात ते जाऊन राहिले. ख्रिस्ती धर्मोपदेशकांशी रात्रंदिवस वादविवाद करणाऱ्या आर्यसमाजाच्या आश्रमात एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने पाहुणा म्हणून राहावे, याचे दोन्ही बाजूंच्या कर्मठांना वैषम्य वाटले. १९१२ साली लंडनमध्ये चित्रकार रोदेनस्टाइन यांच्या घरी कवी येट्स यांनी रवींद्रनाथांच्या कविता वाचून दाखविल्या, त्या श्रोत्यांत अँड्र्यूज होते. त्या रात्री ते बराच वेळ लंडनच्या मोकळ्या माळावर एकटेच भटकत राहिले. पुढे दोन वर्षांच्या आत मिशनची चाकरी सोडून ते शांतिनिकेतनाचे झाले.

परंतु त्यांच्या आयुष्याला खरे वळण दिले ते पुण्याच्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी. करारबद्ध मजुरीचा प्रश्न गोखले यांनी वरिष्ठ कायदे कौन्सिलात लावून धरला होता आणि १९१२ च्या अखेरीस ते स्वतः दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आले होते. १९१३ साली तेथे सत्याग्रह पेटला. कराराची मुदत संपूनही तेथेच राहणाऱ्या हिंदी मजुरांवर लादलेल्या दरसाल तीन पौंडांच्या जाचक करासाठी खाणीतले आणि मळ्यांवरचे हजारो मजूर संपावर गेले. गोखले निधीसाठी हिंदुस्थानभर फिरत होते. अँड्र्यूज यांनी आपली सारी शिल्लक त्यांच्या हाती ठेवली, आणि गोखल्यांच्या सांगण्यावरून विल्यम पिअरसन या सहकाऱ्यासह ते स्वतःही निघाले.

२ जानेवारी १९१४ रोजी दोघे दरबानच्या धक्क्यावर उतरले. हेन्री पोलक त्यांना घेण्यास आले होते. अँड्र्यूज यांनी गांधी कोठे आहेत, अशी पृच्छा केली. गोळीबारात पडलेल्या संपकऱ्यांच्या सुतकासाठी डोके मुंडलेला, मजुराचा पांढरा जाडाभरडा पोषाख केलेला एक किरकोळ देहाचा मनुष्य शेजारीच उभा होता. पोलक यांनी त्याच्याकडे बोट दाखविले. अँड्र्यूज यांनी तत्काळ वाकून त्यांच्या पायांना हात लावला. इंग्रज धर्मोपदेशकाने भर धक्क्यावर एका हिंदी माणसाचे पाय धरले, या बातमीने तेथील गोऱ्या समाजात मोठा गहजब उडाला. वृत्तपत्रांनी ताशेरे झोडले. हिंदी माणसाला यात काहीच नवल वाटण्याजोगे नव्हते. वडीलधाऱ्यांना आपण रोज नमस्कार करतो. गांधी वयाने अँड्र्यूज यांच्याहून दीड वर्षाने मोठे होते, इतकाच त्याचा अर्थ घेतला तरी चालेल. परंतु साम्राज्याच्या शिष्टाचारात वय मोजण्याची पद्धत नव्हती.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत जनरल स्मट्स आणि गांधी यांच्यात जी बोलणी झाली, त्यांत अँड्र्यूज यांनी मध्यस्थाचे काम केले. शब्दाशब्दावर अडून बसलेल्या दोन कुशाग्र वकिलांमधून तडजोडीचा मसुदा बाहेर काढणे हे सोपे काम नव्हते. याच दिवसांत इंग्लंडमध्ये त्यांची आई अखेरच्या आजारात होती. ती गेल्याची बातमी त्यांना आफ्रिकेतच कळली. या भेटीत जडलेले नाते अखेरपर्यंत टिकले. एक मोहन म्हणे, दुसरा चार्ली म्हणे. गांधींना एकेरी पहिल्या नावाने हाक मारणारा माणूस त्यांच्या सार्वजनिक जीवनात बहुधा दुसरा नव्हता.

अँड्र्यूज यांचे सर्वांत मोठे काम मात्र फिजी बेटांशी निगडित आहे, आणि त्याचा तपशील आजच्या पिढीला फारसा माहीत नसतो. १८७९ पासून १९१६ पर्यंत सुमारे साठ हजार हिंदी स्त्री-पुरुष पाच वर्षांच्या करारावर पॅसिफिक महासागरातील या बेटांवर नेले गेले. ॲग्रीमेंट या शब्दाचे त्यांनी गिरमिट केले आणि स्वतःला ते गिरमिटिये म्हणवू लागले. दलालांना, म्हणजे अरकाट्यांना, माणशी दलाली मिळे. जत्रेत चुकलेली बाई, घरी भांडून निघालेला तरुण, दुष्काळाने हैराण झालेला शेतकरी यांना फिजी हे कलकत्त्याच्या पलीकडेच कोठे तरी आहे, असे सांगून आगबोटीवर चढविण्यात येई. तेथे उसाच्या मळ्यांवर नेमून दिलेले काम पुरे झाले नाही तर मजुरी कापण्यावरच भागत नसे. फौजदारी खटला भरून दंड किंवा तुरुंग होई. राहावयाच्या कोठड्या इतक्या लहान असत की तीन पुरुष किंवा एक जोडपे मुलाबाळांसह कसेबसे झोपू शकावे. आणि शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया, हे सरकारनेच ठरवून दिलेले प्रमाण होते. या एका आकड्यातून किती खून आणि किती आत्महत्या निपजल्या, याचा हिशेब कलकत्त्याच्या किंवा लंडनच्या कचेऱ्यांनी मांडला नव्हता. तो मांडला अँड्र्यूज यांनी. कोकणपट्टीतूनही मुंबई बंदरामार्गे मराठी मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही दूर देशाची कथा वाटणार नाही.

१९१५ साली शांतिनिकेतनात पटकीने मरता मरता वाचलेले अँड्र्यूज त्याच वर्षाच्या उत्तरार्धात पिअरसनसह फिजीस गेले. मळ्यामळ्यांवर ते हिंडले. मजुरांशी, मुकादमांशी, मळेवाल्यांशी, न्यायाधीशांशी बोलले. फेब्रुवारी १९१६ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. अहवालाची भाषा शांत आहे. मळेवाल्यांच्या बाजूने जे काही चांगले सांगता येण्याजोगे होते तेही त्यात सांगितले आहे. म्हणूनच आत्महत्यांचे प्रमाण हिंदुस्थानातील प्रमाणाच्या कित्येक पटींनी अधिक असल्याचे आणि स्त्रियांची विटंबना ही या पद्धतीची अपरिहार्य फलश्रुती असल्याचे जेव्हा त्यात दाखविले गेले, तेव्हा ते खोडून काढणे कोणालाही शक्य झाले नाही. मार्च १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांनी कौन्सिलात मांडलेला, ही पद्धत बंद करण्याविषयीचा ठराव व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी स्वीकारला. देशभर आनंद झाला.

तो आनंद टिकावयाचा नव्हता. पर्यायी व्यवस्था होईपर्यंत भरती आणखी पाच वर्षे चालू ठेवावयाची, असा समझोता पडद्यामागे झाला असल्याचे अँड्र्यूज यांना कळले. ज्या हार्डिंग यांच्या सचोटीविषयी त्यांनी स्वतः लोकांना ग्वाही दिली होती, त्यांच्याच सरकारकडून ही गोष्ट घडली होती. वडिलांप्रमाणे त्यांनाही विश्वासातील माणसाने फसविले होते, असे म्हणता येईल. फरक इतकाच की, वडिलांची हानी स्वतःच्या घरापुरती होती. येथे बुडणार होते ते दुसऱ्यांचे संसार. प्रार्थना करून स्वस्थ बसण्याचा अधिकार येथे अँड्र्यूज यांनी स्वतःला दिला नाही. त्यांनी हा समझोता चव्हाट्यावर आणला. १९१७ च्या आरंभी गावोगाव सभा झाल्या. भरती बंद करण्यास ३१ जुलैची मुदत मुंबईच्या सभेने घालून दिली. मुंबईच्याच जाईजी पेटिट यांच्या पुढाकाराने स्त्रियांचे शिष्टमंडळ व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना जाऊन भेटले. मुदत भरण्यापूर्वीच सरकारने भरती थांबविली.

त्यांनी तरीही प्रश्न सोडला नाही. १९१७ साली ते पुन्हा फिजीस गेले, कारण नवी भरती थांबली असली तरी जुने करार चालूच होते. फिजीच्या साखरेच्या धंद्यावर ऑस्ट्रेलियातील कंपनीची पकड होती, म्हणून त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या शहरांतून व्याख्याने दिली. तेथील स्त्रीसंघटनांनी स्वतःची प्रतिनिधी, फ्लॉरेन्स गार्नहॅम, फिजीस पाठविली आणि तिच्या अहवालाने अँड्र्यूज यांच्या म्हणण्याला दुजोरा मिळाला. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले सर्व करार रद्द झाले. दीनबंधू ही पदवी अँड्र्यूज यांना मिळाली ती या मजुरांकडून. विद्यापीठांनी आणि सरकारांनी दिलेल्या पदव्यांपेक्षा ती अधिक काळ टिकली आहे.

१९१९ च्या वसंतात पंजाबात जे घडले ते सर्वविदित आहे. अँड्र्यूज अमृतसरकडे निघाले तेव्हा लष्कराने त्यांना ताब्यात घेऊन परत पाठविले. लष्करी कायदा उठल्यावर त्यांना पंजाबात जाता आले, आणि मग ते गावोगाव फिरले, फटके खाल्लेल्यांच्या हकिकती त्यांनी टिपून घेतल्या. परंतु केवळ चौकशी करून ते थांबले नाहीत. जेथे जेथे अपमानित माणसे भेटली तेथे तेथे एक इंग्रज या नात्याने त्यांनी क्षमा मागितली. सरकारने त्यांना तसे करण्यास सांगितले नव्हते आणि डायरची बंदूक त्यांच्या हाती नव्हती. इंग्लंडातील अनेकांना तर हा स्वजातीचा द्रोह वाटला. वस्तुतः जो आपल्या लोकांना खरोखर आपले मानतो तोच त्यांच्या वतीने लज्जित होऊ शकतो. संबंध तोडलेला माणूस निंदा करील. क्षमा मागणार नाही. अँड्र्यूज अखेरपर्यंत इंग्रज राहिले, ही गोष्ट त्यांच्या खादीच्या वेषामुळे विसरली जाते.

हिंदी लोकांशी मानलेले नातेही त्यांनी असेच कडकपणे पाळले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस दिल्लीच्या युद्धपरिषदेस गांधी निघाले तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या गुप्त तहांकडे बोट दाखवून, अशा परिषदेत तुम्ही कसे बसता, हा प्रश्न अँड्र्यूज यांनीच त्यांच्यापुढे टाकला. अहिंसेच्या उपासकाने खेड्याखेड्यांतून सैन्यभरती करावी, हेही त्यांना पटले नाही आणि त्यांनी ते लपविले नाही. परंतु सर्वांत महत्त्वाचा मतभेद झाला तो १९२१ साली. ३१ जुलैला मुंबईत परळच्या मैदानावर विदेशी कापडाची प्रचंड होळी झाली. सारा देश त्या ज्वाळांनी भारावून गेलेला असताना अँड्र्यूज यांनी गांधींना पत्र लिहिले. परदेशातील आपल्याच भावाबहिणींनी हातांनी विणलेल्या सुंदर वस्तू जाळणे हे त्यांना हिंसेसारखे वाटले. या आगीतून वंशद्वेष आणि संकुचित राष्ट्रवाद वर येईल, अशी भीती त्यांनी व्यक्त केली. अंगावर खादी घालावी की नाही, असा संभ्रम आपल्याला पडला आहे, असेही त्यांनी कळविले. गांधींनी ते पत्र आपल्या साप्ताहिकात छापले आणि उत्तर दिले. लोकांच्या मनात इंग्रजांविषयी जो राग आहे तो माणसांवरून वस्तूंकडे वळविणे यातच अहिंसा आहे, आणि जे कापड आपल्याला निषिद्ध वाटते ते गरिबांना देणे हा गरिबांचा अपमान आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

या वादात कोण बरोबर होते, याचा निर्णय सोपा नाही. भुकेल्या विणकरांचा देश परकी कापडावर बहिष्कार घालील तर त्यात वंशद्वेष शोधणे हे पोटभरल्यांचे तत्त्वज्ञान ठरेल, असे म्हणता येते. उलट, होळीभोवती जमलेल्या लाखोंच्या मनात गांधींच्या मनातील सूक्ष्म भेद उतरला असेल, असे मानणेही भोळेपणाचे होईल. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मुंबईत दंगे उसळले आणि रस्त्यात पारशी व ख्रिस्ती यांच्यावर हल्ले झाले, तेव्हा गांधींनाच उपवास करावा लागला. अँड्र्यूज हिंदी स्वातंत्र्याच्या बाबतीत कचखाऊ होते म्हणून त्यांनी होळीला विरोध केला, असेही नव्हे. काँग्रेसने संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव केला तो १९२९ साली. हिंदुस्थानला साम्राज्याच्या आत राहून आपला आत्मा सापडणार नाही, हे अँड्र्यूज यांनी त्याच्या आठ-नऊ वर्षे आधीच लिहून प्रसिद्ध केले होते. लँकेशायरचा विणकर आणि बिहारचा विणकर हे दोघेही ज्याला आपले वाटतात, त्याची अशा वेळी जी कुतरओढ होते ती त्यांची झाली.

आफ्रिकेतही हेच घडले. केनियातील हिंदी व्यापाऱ्यांना समान हक्क मिळावेत म्हणून ते अनेकदा तेथे गेले. एका प्रवासात गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांना आगगाडीत मारहाणही केली. पण जर्मनांकडून जिंकलेली पूर्व आफ्रिका हिंदी वसाहतीसाठी मागून घ्यावी, अशी कल्पना जेव्हा महायुद्धानंतर पुढे आली तेव्हा अँड्र्यूज यांनी तिला विरोध केला. ती भूमी आफ्रिकी माणसांची आहे. तेथे गोऱ्यांनी केले तेच आपण करू लागलो तर गाऱ्हाणे करण्याचा अधिकार उरणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९२३ साली श्रीनिवास शास्त्री यांच्याबरोबर ते लंडनला गेले. तेथे ब्रिटिश सरकारने केनियात आफ्रिकी लोकांचे हित श्रेष्ठ मानले जाईल, असे जाहीर केले. हिंदी पुढाऱ्यांना ती धूर्त पळवाट वाटली आणि गोऱ्यांच्या राखीव डोंगराळ जमिनी तशाच राहिल्या हे पाहता त्यांचा संशय निराधार नव्हता. तरीही तत्त्व खरे आहे, हे अँड्र्यूज यांनी मान्य केले. १९७२ साली युगांडातून हिंदी वंशाच्या हजारो कुटुंबांना नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडावे लागले. त्या क्रौर्याचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु ज्या देशात दुकान मांडले त्या देशाच्या माणसांशी नाते जोडा, हा सल्ला पन्नास वर्षांपूर्वी एका इंग्रजाने त्यांच्या वाडवडिलांना दिला होता, याचे स्मरण होते.

अँड्र्यूज यांच्यात दोष नव्हते असे नाही. ते उतावळे होते. एक काम हाती असताना दुसऱ्या हाकेस ओ देत; शांतिनिकेतनातील वर्ग सोडून ते कधी कोणत्या आगबोटीवर चढतील याचा नेम नसे. मोठ्या पदावरील माणसाने हात हाती घेतला की त्याच्या शब्दावर त्यांचा चटकन विश्वास बसे. गुप्त पोलीस त्यांच्या मागावर असत, आणि त्याच वेळी काही हिंदी तरुण त्यांना सरकारचा हेर समजत. ख्रिस्ती धर्ममताच्या काही कलमांविषयी मन साशंक झाल्यामुळे १९१४ मध्ये त्यांनी धर्मोपदेशकाची कर्तव्ये बजावणे थांबविले, तेव्हा मिशनऱ्यांनी त्यांना परागंदा ठरविले. मात्र ख्रिस्तावरील त्यांची निष्ठा कधीच ढळली नव्हती. १९३६ साली ती कर्तव्ये त्यांनी पुन्हा स्वीकारली. त्याच वर्षी धर्मांतराच्या प्रश्नावर त्यांचा गांधींशी वाद झाला. प्रलोभनाने केलेले धर्मांतर त्यांनाही निंद्य वाटे. पण मनापासून पटल्यावर धर्म बदलण्याची मोकळीक माणसाला असलीच पाहिजे, हे त्यांनी सोडले नाही.

मधल्या वर्षांत चांदपूरला अडकून पडलेल्या आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये पटकीची साथ पसरली तेव्हा ते तेथे होते. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे ते दोनदा अध्यक्ष झाले. आसामातील अफूच्या व्यसनाची चौकशी त्यांनी केली. केपटाऊनच्या १९२७ सालच्या कराराची पूर्वतयारी केली. ब्रिटिश गियानातील मळ्यांपर्यंत ते पोचले. १९२४ साली शस्त्रक्रियेनंतर गांधी जुहूच्या समुद्रकाठी विश्रांती घेत असताना आणि त्याच वर्षी दिल्लीत त्यांचा एकवीस दिवसांचा उपवास चालू असताना शुश्रूषेला अँड्र्यूज होतेच. त्यांनी लग्न केले नाही, घर केले नाही. अंगावरचा कोट कोणाला तरी देऊन टाकून थंडीत कुडकुडत परत येणे हा त्यांचा नित्याचा प्रकार असल्याने मित्रांना त्यांच्या कपड्यांची काळजी वाहावी लागे.

१९४० च्या आरंभी ते कलकत्त्याच्या रुग्णालयात होते. गांधी त्यांना भेटून गेले. शस्त्रक्रियेनंतर ५ एप्रिल रोजी त्यांचे देहावसान झाले आणि कलकत्त्यातील लोअर सर्क्युलर रोडवरील दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला. दुसरे महायुद्ध चालू होते. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यातील अंतर कधी नव्हे इतके वाढले होते. त्यांच्या स्मारकासाठी, शांतिनिकेतनाच्या उपयोगी पडेल असा पाच लाख रुपयांचा निधी उभारण्याचे गांधींनी मनावर घेतले. रक्कम जमेना. अखेर मे १९४२ मध्ये ते स्वतः मुंबईस आले आणि मुंबईकरांकडून त्यांनी तो निधी गोळा केला. इंग्रजांनी हिंदुस्थानातून चालते व्हावे, ही मागणी त्याच दिवसांत ते आपल्या साप्ताहिकातून मांडीत होते, आणि त्याच हातांनी एका इंग्रजाच्या स्मारकासाठी व्यापाऱ्यांपुढे झोळी पसरीत होते.